परमुलखाची पुंजी आणि चित्रपटाचे कूळ

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



चित्रपटाच्या आरंभी पडद्यावरून जी नामावली सरकते तिच्याकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष नसते. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या २०२४ मधील चित्रपटाची नामावली मात्र सावकाश वाचण्याजोगी आहे. कथा मुंबईच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तीन स्त्रियांची, भाषा मल्याळम, हिंदी आणि मराठी, उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनारपट्टीवरचा. आणि निर्मितीत भारताच्या जोडीला फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग व इटली. मुंबईतल्या परिचारिकेची गोष्ट पडद्यावर यावी म्हणून परक्या देशाने आपल्या सार्वजनिक निधीतून पैसा का द्यावा, आणि तो दिल्यावर तो चित्रपट कोणाच्या कुळातला समजावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या व्यवहाराचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात सापडते. १९४६ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात ब्लुम-बर्न्स करार झाला. युद्धाच्या काळात अडून राहिलेल्या अमेरिकन चित्रपटांना फ्रान्सची दारे उघडली गेली आणि स्वदेशी चित्रपटांसाठी दर तेरा आठवड्यांतील अवघे चार आठवडे राखले गेले. त्याच वर्षी फ्रान्सने आपले राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन केले. या केंद्राचा मोठा आधार म्हणजे तिकिटावरचा अधिभार. तो फ्रेंच चित्रपटाच्या तिकिटावर असतो तसाच हॉलिवूडच्या चित्रपटाच्या तिकिटावरही असतो. सध्याचा त्याचा दर १०.७२ टक्के आहे. म्हणजे अमेरिकेची धाडसकथा पाहायला गेलेला पॅरिसचा प्रेक्षक नकळत एखाद्या नवख्या दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला हातभार लावून येतो. करमणूक करातून शासनाची तिजोरी भरण्याची सवय असलेल्या आपल्या मनाला ही कल्पना थोडी चकित करते. एका चित्रपटाकडून घेतलेला पैसा दुसऱ्या चित्रपटालाच द्यायचा, इतकी ती साधी आहे.

फ्रान्स आणि इटली यांनी १९४९ मध्ये सहनिर्मितीचा करार केला. त्यातील मर्म कायद्याच्या भाषेत लपलेले आहे. दोन देशांच्या निर्मात्यांनी ठरावीक प्रमाणात पैसा व माणसे घालून केलेला चित्रपट दोन्ही देशांत 'स्वदेशी' मानला जातो. व्यक्तीला दुहेरी नागरिकत्व देताना राष्ट्रे हात आखडतात. चित्रपटाला मात्र ते सहज मिळाले! स्वदेशी ठरल्याबरोबर दोन्हीकडच्या अनुदानांची कवाडे त्याला खुली होतात. बाकीची कलमे या एका सूत्राच्या मागोमाग आली.

पुढे १९८८ मध्ये युरोपीय परिषदेने 'युरिमाज' हा सामाईक निधी उभारला आणि १९९२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सहनिर्मितीविषयीचा युरोपीय करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. तीन किंवा अधिक देशांनी मिळून केलेल्या चित्रपटाचे युरोपीयत्व ठरवण्यासाठी या कराराला एक गुणतक्ता जोडलेला होता. एकूण गुण १९. त्यांपैकी १५ मिळाले की चित्रपट युरोपीय. दिग्दर्शकाला तीन, पटकथाकाराला तीन, पहिल्या भूमिकेला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक. छायालेखक, ध्वनिमुद्रक, संकलक यांना प्रत्येकी एक. आणि संगीतकाराला केवळ एक. हा तक्ता मुंबईत तयार झाला असता तर संगीतकाराची एका गुणावर बोळवण झाली नसती, हे निश्चित.

कलाकृतीचे राष्ट्रीयत्व बेरजेने ठरवण्याच्या या पद्धतीची थट्टाही पुष्कळ झाली. गुण जमावेत म्हणून एका देशाचा नायक, दुसऱ्याची नायिका आणि तिसऱ्या देशातला एखादा अकारण रेल्वेप्रवास, अशा चित्रपटांना समीक्षकांनी 'युरोपुडिंग' असे नाव ठेवले. आपण त्याला काला म्हटले असते. पण काल्याला चव असते. तरीही थट्टेने मूळ प्रश्न सुटत नाही. सार्वजनिक पैसा द्यायचा तर तो कोणाला, याची सर्वांना वाचता येईल अशी कसोटी हवी. अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा रुक्ष तक्ता बरा, असेच म्हणावे लागते.

हा झाला युरोपचा आपापसातला व्यवहार. भारतासारख्या देशांशी त्याचा संबंध आला तो वेगळ्या वाटेने. १९८४ मध्ये फ्रान्सने दक्षिणेकडील देशांच्या चित्रपटांसाठी 'फों स्युद' हा निधी सुरू केला. २०१२ पासून त्याची जागा 'जगातील चित्रपटांना साहाय्य' या योजनेने घेतली. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम महोत्सवाच्या संस्थापकाच्या नावाने 'हुबर्ट बाल्स निधी' उभा राहिला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या मराठीप्रधान चित्रपटाला लेखनाच्या टप्प्यावर या निधीचे साहाय्य लाभले होते. या पैशाचे वैशिष्ट्य असे की तो अगोदर येतो. पटकथा कागदावर असताना, नटाचा पत्ता नसताना, कोणताही व्यापारी दाराशी उभे करणार नाही अशा वेळी तो येतो. रक्कम मोठी नसते. पण तिच्यामुळे लेखकाला काही महिने उसंत मिळते आणि 'अमुक निधीने निवडलेली पटकथा' एवढ्या शिक्क्यावर इतर दारे किलकिली होतात.

यात निव्वळ औदार्य आहे असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्सच्या योजनेत तेथील सहनिर्माता असावा लागतो आणि साहाय्याचा ठरावीक वाटा त्याच देशात खर्च व्हावा लागतो. ध्वनिसंस्करण, रंगसंस्करण ही कामे म्हणून तेथील कारखान्यांत जातात आणि तिथल्या कारागिरांच्या हाताला काम मिळते. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. निवड समिती युरोपातली असली की तिला रुचेल अशीच गोष्ट, तिला ओळखू येईल असेच दारिद्र्य आणि तिला परिचित असलेला संथपणा पटकथेत शिरण्याचा धोका असतो. हा धोका खरा आहे. मात्र तो टाळण्याचा उपाय परकी पुंजी नाकारणे हा नसून स्वदेशातही तितक्याच लवकर मिळणारी पुंजी उभी करणे हा आहे. लेखकापुढे दोन दारे असतील तरच त्याला एखाद्या दाराला पाठ फिरवता येते.

भारतात अशी पुंजी नव्हतीच असे नाही. १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ सुरू झाले आणि त्याच वर्षी पुण्यात चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्थाही. पुढे १९७५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९८० मध्ये जुने महामंडळ त्यात विलीन झाले. या महामंडळाने 'गांधी' या रिचर्ड ॲटनबरो यांच्या चित्रपटात मोठी रक्कम गुंतवली तेव्हा देशात वादळ उठले. येथील दिग्दर्शकांना तुटपुंज्या कर्जासाठी ताटकळत ठेवून शासकीय पैसा इंग्रज दिग्दर्शकाच्या हवाली का करावा, असा अनेक चित्रपटकारांचा सवाल होता. सवाल अन्याय्य नव्हता. १९८२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, त्याला आठ ऑस्कर मिळाले, आणि वेशभूषेच्या पुरस्काराने कोल्हापूरच्या भानू अथय्या या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. महामंडळाला चित्रपटाने पैसाही मिळवून दिला. त्यातून चित्रपटकलावंतांसाठी कल्याण निधी उभा राहिला. एका यशस्वी उदाहरणाने धोरण सिद्ध होत नाही, हे मान्य केले तरी त्या वेळचे टीकाकार आणि महामंडळ या दोघांनाही इतिहासाने थोडेथोडे खरे ठरवले, असे दिसते.

पुढील काळात महामंडळ मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) मध्ये सहभागी होते. २००७ पासून गोव्यात महामंडळाचा 'फिल्म बझार' भरू लागला; तेथे भारतीय दिग्दर्शक आणि परदेशी निर्माते समोरासमोर बसू लागले. डबेवाल्याच्या एका चुकीवर उभा असलेला रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' (२०१३) फ्रान्स आणि जर्मनीच्या सहभागाने, महामंडळाच्याही पैशाने झाला. वरच्या मजल्यावरच्या देशपांडेबाई पडद्यावर एकदाही न दिसता भारती आचरेकरांच्या आवाजातून साऱ्या जगाच्या परिचयाच्या झाल्या. त्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे 'द गुड रोड' हा गुजराती चित्रपट पाठवला गेला, आणि त्याचीही निर्मिती याच महामंडळाची होती!

दरम्यान करार वाढत गेले: इटली, ब्रिटन, जर्मनी, ब्राझील, न्यूझीलंड, पोलंड, स्पेन, कॅनडा. करार म्हणजे मात्र पैसा नव्हे. तो पैशाकडे जाण्याचा परवाना. पैशाची योजना २०२२ मध्ये कान येथे जाहीर झाली. अधिकृत सहनिर्मितीच्या भारतात झालेल्या पात्र खर्चाच्या ३० टक्के रक्कम, कमाल मर्यादा २ कोटी रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या महोत्सवात हे प्रमाण ४० टक्के आणि मर्यादा ३० कोटी करण्यात आल्याची घोषणा झाली. आकडे भरघोस आहेत. पण ही खर्चाची परतफेड आहे. अगोदर खर्च करा, हिशेब द्या, मग पैसे घ्या. ज्याच्यापाशी खर्चायला आहे त्याला ती सवलत ठरते. ज्याच्यापाशी नाही त्याला तिच्या भरवशावर व्याजाने पैसे उचलावे लागतात. पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला मिळायला हवे बियाणे, आणि आपण त्याला हमीभाव देऊ करतो.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'कडे पुन्हा पाहिले की हे सारे धागे एकत्र दिसतात. दिग्दर्शिका पुण्याच्या शासकीय संस्थेत शिकल्या. तेथील त्यांचा विद्यार्थिदशेतला लघुपट २०१७ मध्येच कानला गेला होता. म्हणजे घडवण्याचा खर्च भारतीय करदात्याने केला. चित्रपट उभा करण्याचा आरंभीचा भार परदेशी निधींनी उचलला. कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट दाखल झाला आणि त्याला ग्रां प्री मिळाले, तेव्हा मंत्रालयाने सांगितले की चित्रपटाला भारत-फ्रान्स कराराखाली अधिकृत दर्जा दिलेला आहे आणि पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांना अंतरिम मान्यता दिली आहे. त्यानंतर ऑस्करसाठी चित्रपट निवडताना भारतीय महासंघाने दुसऱ्या चित्रपटाला कौल दिला. हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटतो, असे समितीचे मत पडल्याचे महासंघाच्या अध्यक्षांकडून प्रसिद्ध झाले. फ्रान्सने त्याला आपल्या संभाव्य चित्रपटांच्या छोट्या यादीत घेतले आणि अखेरीस तेथेही निवड दुसऱ्याचीच झाली. दोन्ही देशांत कायद्याने स्वदेशी असलेला चित्रपट दोन्ही घरांतून असा बाहेर राहिला.

या चित्रपटात छाया कदम यांनी पार्वती नावाची, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबणारी स्त्री उभी केली आहे. मुंबईच्या खोलीत ती वर्षानुवर्षे राहिली. पण ती खोली तिची असल्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही, आणि बांधकाम व्यावसायिकाला नेमके तेच ठाऊक आहे. ती गाशा गुंडाळते आणि कोकणातल्या आपल्या गावी परत जाते. तिच्यासोबत सामान पोचवायला दोघी मल्याळी मैत्रिणी जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट भारतभर प्रदर्शित झाला, तेव्हा पार्वती मराठीत बोलू लागली की तिच्यासाठी खाली उपशीर्षके वाचण्याची गरज न पडणारे प्रेक्षकही त्या अंधारात बसलेले होते.