घराचा हक्क आणि निबंधकाचे कर्तव्य

(भाईंदर येथे धम्मबांधवांपुढे केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

1917 साली बाबासाहेब परदेशातील विद्या संपादून बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथील पारशी धर्मशाळेत ते राहत होते. त्यांची जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर घालविले. एवढ्या मोठ्या विद्वानाला त्या नगरीत निवारा मिळाला नाही.

आज मीरा-भाईंदरसारख्या शहरात लाठी दिसत नाही. तिचे काम आडनावाची चौकशी करते. आपण सदनिका विकत घेतो, दस्त नोंदवितो; आणि संस्थेची समिती सभासदत्वाचा अर्ज घेण्यासच नकार देते, तेव्हा आपण हताश होऊन परततो. तसे परतण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 23 प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. संस्था अर्ज किंवा शुल्क स्वीकारीत नसेल, तर ते निबंधकाकडे सादर करावे. निबंधक ते संस्थेकडे पाठवितो. त्यानंतर 60 दिवसांत संस्थेने निर्णय कळविला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. नकार मिळाल्यास निबंधकाकडे अपील करता येते. हा अधिकार कोणाच्या कृपेचा नव्हे.

परंतु कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. तो निर्णय गुजरातच्या कायद्याखालील होता. पण त्यातील बोध सर्वांनी घ्यावा. संविधानातील समतेचा दंडक प्रामुख्याने राज्यसंस्थेला बांधतो. खाजगी संस्थेच्या दारात समता न्यावयाची तर विधिमंडळाने स्पष्ट कायदा करावा आणि अधिकाऱ्याने तो बजावावा. अधिकारी स्वस्थ बसला, तर कायदा कपाटातच राहतो.

अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडथळा करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 प्रमाणे गुन्हा आहे. मात्र तोंडी नकाराला पुरावा नसतो. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. एकट्याने जाऊ नका. चार माणसे बरोबर न्या.

शेवटी एक गोष्ट सांगतो. उद्या तुमच्यापैकी कोणी अशाच समितीवर निवडून जाईल. त्या वेळी दारात उभा असलेला मनुष्य मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, परप्रांतीय असेल. त्याला आडनाव, धर्म किंवा आहार विचारून परत पाठवू नका. जी समता आपण निबंधकाकडे मागतो, ती आपल्या हातून प्रथम घडली पाहिजे. आपण घेतलेल्या दीक्षेचा अर्थ हाच आहे.

जयभीम.