बसले म्हणजे चालले काय?



युनियनचा माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला की बोनस किंवा संप यांपैकी एक ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही एका जुन्या विमानाच्या शेपटीविषयी बोलणार आहोत. आमची शाळा सातवीवर सुटली; पुढचे शिक्षण लेथवर आणि वाचनालयात झाले. चुकलो तर सभेतील इंजिनियर मंडळींनी खुशाल कान धरावा.

विमानाचे नाव टायगर मॉथ. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचे हे दोन माणसांचे, दुमजली पंखांचे, कापड मढवलेले शिकाऊ विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडाले. पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमाने निघाली. त्यांतली साडेतीन हजारांच्या आसपास दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डजवळ काउली येथे, मॉरिस मोटारींच्या कारखान्यात बनली. आपल्या फ्लाइंग क्लबांतून आणि वायुदलातही कित्येक वैमानिक यावरच शिकले. १९५१ साली बंगलोरला उडालेल्या एचटी-२ने पुढे वायुदलात त्याची जागा घेतली.

मोटारी करणाऱ्या हातांना विमान जमले ते जिगमुळे. भोक कोठे पाडायचे हे माणसाच्या नजरेवर न ठेवता पोलादी चौकटीवर सोपवायचे, म्हणजे जिग. एका जिगमधून निघालेले शंभर रडर शंभर विमानांना कानस न लावता बसावेत, हा त्यातला हिशेब. मालकवर्गाला ही कल्पना फार आवडली. इतकी, की पुढे त्यांनी ती माणसांनाही लावली. पण ते असो.

कंपनीच्या वहीत या विमानाचा क्रमांक डीएच ८२. त्यापुढे ए, बी, सी. ‘ए’ हे नेहमीचे, पोलादी नळ्यांच्या धडाचे. ‘बी’ म्हणजे क्वीन बी, तोफखान्याच्या नेमबाजीसाठी रेडिओवर चालणारे; पंख टायगर मॉथचे, पण धड लाकडी. ‘सी’ कॅनडात तिथल्या थंडीसाठी बनले, बंद बैठकीचे. आज हौशी लोक जुने सुटे भाग जमवून ही विमाने पुन्हा उभी करतात. समजा, ‘ए’च्या मालकाला ‘सी’ची शेपूट स्वस्तात मिळाली. लावावी काय?

‘ए’च्या शेपटीखाली चाक नसते, धातूची टेकणी असते, तिला स्किड म्हणतात. या विमानाला ब्रेक नाहीत. गवताच्या मैदानावर उतरल्यावर ती टेकणी जमीन खरडते, तोच त्याचा ब्रेक. ‘सी’ला टेकणीच्या जागी चाक आहे, कारण त्याच्या पुढच्या चाकांना ब्रेक आहेत. ब्रेक दाबताच विमान नाकावर पडू नये म्हणून ती पुढची चाकेही थोडी आणखी पुढे सरकवलेली आहेत. आता ‘सी’चे शेपटीचाक ‘ए’ला लावा. बोल्ट बसतीलही. पण विमान थांबवणारे काही उरले नाही, हे वैमानिकाला कळेल ते समोरचे कुंपण जवळ आल्यावर!

एलेव्हेटरचे तसेच. विमानाचे नाक वर-खाली करणारी ही शेपटीची आडवी फळी. वैमानिकाला दांडा सतत ओढून धरावा लागू नये, म्हणून ‘ए’मध्ये दांड्यालाच स्प्रिंगचा ताण देण्याची सोय आहे. ‘सी’मध्ये तेच काम एलेव्हेटरच्या मागच्या कडेला असलेली लहानशी हलती पट्टी करते, आणि ती बैठकीतून हलवावी लागते. ‘सी’चे एलेव्हेटर ‘ए’ला लावले, तर त्या पट्टीला हलवणारा बैठकीत कोणीच नाही, आणि धरून ठेवणाराही नाही.

शिवाय अक्षर एक असले तरी भरवसा नाही. काही विमाने गिरकीतून लवकर सुटत नाहीत असे दिसले, म्हणून १९४१ साली ब्रिटिश वायुदलाच्या टायगर मॉथना शेपटीच्या आडव्या पंखापुढे, धडाच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या लावण्यात आल्या. त्याआधीचे ‘ए’ आणि त्यानंतरचे ‘ए’ वहीत एकच, गिरकीत मात्र निराळे.

म्हणून विमानाच्या कामात एक रीत आहे. भाग त्या जातीच्या विमानासाठी मंजूर आहे किंवा बदलाला रीतसर मंजुरी आहे, हे कागदावर पाहून परवानाधारक इंजिनियर सही करतो. सहीशिवाय विमान उडत नाही, आणि सही त्याच्या स्वतःच्या नावाची असते.

आता आमच्याकडची गोष्ट. १९९४ साल. आम्ही होतो त्या कारखान्यात पॉवर प्रेसच्या क्लचची चावी झिजली. स्टोअरमध्ये दुसऱ्या मॉडेलची होती. फिटर म्हणाला, ही या प्रेसची नाही. सुपरवायझर म्हणाले, बसते ना? मग बसव, आणि जॉबकार्डावर सही कर. त्याने केली. घरी तीन मुले होती, ऑर्डर अडकली होती. चौथ्या दिवशी प्रेस एका दाबात दोनदा खाली आला आणि एका विशीतल्या पोराची उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत जॉबकार्ड पुढे आले. सही फिटरची. तोंडी हुकमाला कागद नव्हता.

पुढच्या करारात आम्ही एकच कलम धरून बसलो: भाग योग्य वाटला नाही तर फिटरने सही नाकारावी, कारण लिहून द्यावे, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये. पगारवाढ दोन महिन्यांत कबूल झाली होती. या चार ओळींना अकरा महिने लागले. मिळाल्या. त्या फिटरला मात्र परत घेतले नाही.