चिलापीचा हिशेब कोणी ठेवायचा?

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात परक्या माशाचा प्रश्न कोठून उद्भवला, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर कर्जत तालुक्याच्या सीमेवर, भीमेच्या पात्रात आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांना भिडते. त्या पाण्यात भोयांच्या जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर सापडतो तो चिलापी, म्हणजेच मूळचा आफ्रिकेतील तिलापिया.

हा मासा आपल्या पायांनी आलेला नाही. अन्नोत्पादन वाढविण्याच्या सद्हेतूने १९५२ साली तो भारतात आणला गेला. १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली; परंतु तोवर तो सुटला होता. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. पिले काही महिन्यांतच विण्यायोग्य होतात आणि वर्षातून अनेकदा वीण होते. पावसाळ्यावर अवलंबून असणाऱ्या माशांना ही स्पर्धा कशी झेपावी? आफ्रिकन मागुरावर २००० साली बंदी घातली गेली, तरी त्याची चोरटी पैदास थांबली नाही. आदेश निघाला की प्रश्न सुटला, ही समजूत नोकरशाहीची आहे.

तथापि चिलापीला निव्वळ शत्रू ठरविणे हाही अन्यायच होय. धरणकाठच्या अनेक कुटुंबांची चूल आज त्याच्यावर पेटते आणि गरिबाच्या ताटात तो परवडतो. शिवाय ज्यांना आपण ‘आपले’ म्हणतो ते रोहू-कटलाही या खोऱ्यात गंगेकडून आणलेले आहेत. खरा प्रश्न माशाच्या जन्मभूमीचा नसून निर्णयाच्या मालकीचा आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च सोडण्यात आला. पुढे त्याचे मांस युरोपात निर्यात होऊ लागले, पण असंख्य स्थानिक जाती कायमच्या नष्ट झाल्या. लाभ काहींच्या पदरी आणि हानी सर्वांच्या, हा अर्थशास्त्रातला जुनाच अनुभव आहे.

उपायही सोपे नाहीत. बारीक आसाचे जाळे चिलापीची पिले पकडील, पण त्याबरोबर मरळ व वाम यांचीही पिले मारील. केवळ मोठे मासे उचलले, तर चिलापी खुरटाच राहून लवकर विऊ लागतो. म्हणून आधी अभ्यास हवा. प्रत्येक उतारघाटावर जातवार वजनाची नोंदवही मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेवावी, आणि तिचे आकडे शासनाने दरवर्षी जाहीर करावेत. स्थानिक माशांचे बीज सार्वजनिक खर्चाने तयार करून सोडावे. कोणतीही परकी जात पाण्यात सोडण्यापूर्वी काठावरच्या ग्रामसभांची व मच्छीमारांची संमती बंधनकारक असावी.

धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांना त्या पाण्यात काय सोडले जाते हे विचारण्याचा अधिकार आहे. तो मागून मिळणार नाही. संघटित होऊनच मिळवावा लागेल.