वाड्यातली शाळा



पुण्यास खरेदीला गेले की विश्रामबाग वाडा दिसतो. दुसऱ्या बाजीरावांनी तो आपल्या राहण्यासाठी बांधला. १८१८ साली पेशवाई गेली आणि १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरली. विलासाच्या जागी विद्या आली, पण बायका उंबऱ्याबाहेरच राहिल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी आपल्या घरीच पुणे सेवासदन सुरू केले. तेथे बायका शिवण, शुश्रूषा शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

आपल्या बारामती-इंदापूरकडे पाऊस हुकला की घरखर्च अडतो. आपल्या मंडळाची खोली मात्र हळदीकुंकवापुरती उघडते. तेथे दोन शिवणयंत्रे मांडू या. शिकणाऱ्या बाईच्या पदरी चार पैसे येतील. खोली रोज उघडण्याचे काम माझ्याकडे द्या.