गर्भाशयमुखाचा कर्करोग : एक टाळता येण्याजोगे मरण

(न्हावा शेवा येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजाच्या मेळाव्यात शिक्षण, लग्नखर्च, जमिनीचा मोबदला, तरुणांच्या नोकऱ्या ह्या विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. आज कार्यकारी मंडळाने मला जो विषय नेमून दिला आहे, त्याचे नाव चारचौघांत उच्चारावयासही आपण कचरतो. ‘पिशवीचा कॅन्सर’ असे कोणी म्हटले की बायका पदर सावरतात आणि पुरुष उठून बाहेर जातात. पुरुषांना माझी विनंती आहे की, त्यांनी आज बसून राहावे. कारण हा रोग स्त्रीला होत असला, तरी त्याचे बीज बहुधा पुरुषाकडून येते, आणि स्त्रीने दवाखान्यात जावे की न जावे ह्याचा निर्णयही अनेक घरांत पुरुषच करतो.

हिंदुस्थानात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, आणि जवळजवळ ऐंशी हजार स्त्रिया त्याने मरण पावतात, असा २०२२ सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. ह्यांतील बहुतेक मरणे टाळता येण्याजोगी आहेत, ही ह्या आकड्यांमागची खरी शोकांतिका होय. ज्या रोगाचे कारण ठाऊक आहे, ज्यावर प्रतिबंधक लस आहे आणि जो रोग होण्यापूर्वीच ओळखता येतो, असे कर्करोग फार थोडे. त्यांत हा अग्रगण्य आहे.

ह्या रोगाच्या कारणाचा शोध कसा लागला, ते प्रथम थोडक्यात सांगते. १८४२ साली इटलीतील रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने विवाहित स्त्रिया पुष्कळ मरतात, परंतु मठांतील जोगिणी क्वचितच मरतात, असे त्याला आढळले. वैवाहिक जीवनाशी ह्या रोगाचा काही संबंध असावा, एवढे त्यावरून दिसले. पण कारण कळावयास सुमारे एकशे चाळीस वर्षे जावी लागली. १९८३ आणि १९८४ साली जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये पॅपिलोमा विषाणूचे दोन प्रकार शोधून काढले. त्यांना १६ आणि १८ हे क्रमांक मिळाले. ह्या शोधासाठी त्सुर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पॅपिलोमा विषाणू हा काही एकच विषाणू नव्हे. ते एक मोठे कुळ आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत, आणि ज्या क्रमाने ते सापडले त्या क्रमाने त्यांना आकडे दिलेले आहेत. त्यांतील कित्येक प्रकार हातापायांवर साध्या चामखिळी उठवितात आणि पुढे काही करीत नाहीत. सुमारे चाळीस प्रकार जननमार्गाच्या त्वचेत राहतात. त्यांतही ६ व ११ हे प्रकार त्या जागी चामखिळी आणतात; त्या त्रासदायक असतात, पण ह्या प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही. खरे धोक्याचे प्रकार बारा-चौदाच : १६, १८, ३१, ३३, ४५, ५२, ५८ ही त्यांतील प्रमुख नावे. जगातील गर्भाशयमुखाच्या शंभर कर्करोगांपैकी सत्तर केवळ १६ आणि १८ ह्या दोघांच्या वाट्याला येतात. आपल्या देशात हे प्रमाण त्याहूनही काहीसे अधिक आढळते. १६ हा सर्वांत घातक. १८ हा पुष्कळदा मुखाच्या आतील बाजूच्या ग्रंथींत रोग उत्पन्न करतो आणि म्हणून वरवरच्या पाहणीत सुटण्याचा संभव असतो. तेव्हा “विषाणू सापडला” एवढे कळून पुरत नाही. कोणत्या क्रमांकाचा सापडला, हे विचारावयास हवे.

आता हा विषाणू करतो काय? ‘कर्क’ म्हणजे खेकडा, हे आपणांस सांगावयास नको. आपण खारेपाटातील माणसे. खाडीच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडले, तर त्याच दिवशी शेतात खारे पाणी येत नाही. बीळ हळूहळू रुंद होते आणि एखाद्या उधाणाला बांध फुटतो. ह्या रोगाची रीतही तीच आहे. आपल्या प्रत्येक पेशीत तिच्या वाढीला आवर घालणारी काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी असतात. धोक्याच्या प्रकारांचे विषाणू दोन द्रव्ये निर्माण करतात आणि ती ह्या पहारेकऱ्यांना निकामी करतात. मग पेशी बेबंद वाढू लागतात. परंतु संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सामान्यतः पंधरा ते वीस वर्षांचा असतो. शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, विशेषतः एचआयव्हीची बाधा असेल, तर तो पाच-दहा वर्षांतही पुरा होतो. धूम्रपान, फार लहान वयात लग्न आणि पुष्कळ बाळंतपणे ह्यांनीही धोका वाढतो.

येथे एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगू इच्छिते. ह्या विषाणूचा संसर्ग शरीरसंबंधाने होतो. भांड्याकुंड्यांनी किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. हे ऐकताच अनेक घरांत संशयाचे भूत उभे राहते. तपासणीत विषाणू आढळला, म्हणजे बायकोचे पाऊल वाकडे पडले, किंवा नवऱ्याने बाहेर काही केले, असा अर्थ लावण्यात येतो. हा अर्थ सर्वथा चुकीचा आहे. वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा संसर्ग होतोच. दहांपैकी नवांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो आणि त्यांना तो आल्या-गेल्याची वार्ताही नसते. क्वचित तो अनेक वर्षे सुप्त राहून नंतर प्रकट होतो. तेव्हा आज सापडलेला विषाणू कालचा की वीस वर्षांपूर्वीचा, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तपासणीचा कागद हा चारित्र्याचा दाखला नव्हे. हे ज्या दिवशी आपल्या घराघरांत कळेल, त्या दिवशी निम्मी लढाई जिंकली जाईल. कारण रोगाच्या भीतीपेक्षा बोल लागण्याच्या भीतीनेच अधिक स्त्रिया तपासणी टाळतात.

हा प्रश्न परदेशांतील संशोधनाने सुटेल तेव्हा सुटेल, असे कोणी समजू नये. त्याची महत्त्वाची उत्तरे आपल्याच महाराष्ट्रातील स्त्रियांनी दिलेली आहेत. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगांची नोंदवही सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोगाची लक्षणे समजावून सांगत. पुढे काही वर्षांत असे आढळून आले की, त्या भागातील स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. नुसत्या बोलण्यानेही प्राण वाचू शकतात, हा ह्याचा अर्थ. आणि आजच्या व्याख्यानाला मला बळ मिळाले आहे ते ह्यामुळेच.

त्यानंतर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा प्रयोग हाती घेण्यात आला. तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार खेडवळ स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाची एकदाच विषाणू-चाचणी केली आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार केले. आठ वर्षांनंतर त्या गटात ह्या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या; ज्या गटाला नेहमीचीच सेवा मिळत होती, त्यात ६४. दोन्ही गट जवळजवळ सारखेच मोठे होते. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले! २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. तेथील झोपडपट्ट्यांतून टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या आरोग्यसेविकांना शिकवून, त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची पाहणी करविली. पाहणीचे साधन काय, तर व्हिनेगरमध्ये असते तेच सौम्य आम्ल! ते लावल्यावर मिनिटाभरात दोषी जागा पांढरी दिसते. एवढ्या साध्या उपायाने ह्या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले.

असे असूनही २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. आपल्या गावांत चित्र निराळे असेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

भगिनींनो, तीस वर्षे पूर्ण झाली की पासष्टाव्या वर्षापर्यंत दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून व्हावी, असे शासनाचे धोरण आहे. विषाणू-चाचणीसाठीचा नमुना तर स्त्रीला स्वतःच्या हाताने घेता येतो. संकोचाचे कारणही उरत नाही. मधल्या काळात पाळीखेरीज रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ह्यांपैकी काहीही झाले तर “वयाचे आहे, जाईल” म्हणून अंगावर काढू नये.

आणखी एक इशारा. कर्करोगाच्या भीतीने सरसकट पिशवी काढून टाकणे हा प्रतिबंध नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की, २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कर्करोगापूर्वीचा दोष शीतोपचाराने किंवा उष्णतेने थोडक्या वेळात घालविता येतो. बहुधा पिशवी शाबूत राहते. कोणी घाईने शस्त्रक्रिया सुचविली, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत अवश्य घ्यावे.

आता लसीविषयी. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, म्हणजे नऊ ते चौदा वर्षांच्या वयात, ही लस सर्वांत गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस २०२२ साली मान्य झाली. ती ६, ११, १६ व १८ ह्या चार प्रकारांपासून संरक्षण देते. नऊ प्रकारांवरील लसही उपलब्ध आहे. ह्या लसीविषयी लोकांच्या मनांत किंतु आहे, आणि त्याला कारणही घडले होते. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात लसीकरणाचा एक प्रकल्प चालू असताना काही मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० साली तो थांबविण्यात आला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. परंतु पालकांची संमती घेण्यात अक्षम्य ढिलाई झाल्याचे उघड झाले. ह्यातून घ्यावयाचा धडा असा की, प्रश्न विचारणे हा पालकांचा हक्क आहे. तो बजावावा, उत्तर समजून घ्यावे, आणि मग मुलीला लस द्यावी. त्याच वेळी थांबलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातील ज्या मुलींना एकच मात्रा मिळाली होती, त्यांचा पुढे दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्या एका मात्रेनेही १६ व १८ पासून उत्तम संरक्षण मिळाले, असे २०२१ साली सिद्ध झाले. मात्र लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तपासणी करावीच. कारण सर्वच क्रमांक लसीच्या कक्षेत येत नाहीत.

बंधूंनो, ह्या भूमीने लढे पाहिले आहेत. १९८४ च्या जानेवारीत दास्तान फाटा आणि नवघर येथे आपल्या पाच माणसांनी जमिनीच्या हक्कासाठी गोळ्या झेलल्या. त्या लढ्यात आपल्या बायका मागे नव्हत्या. १९८९ साली येथे बंदर सुरू झाले आणि मिठागरे व भातखाचरे होती तेथे मालाच्या पेट्या उभ्या राहिल्या. पूर्वी परळच्या रुग्णालयात जावयाचे म्हणजे मोऱ्याहून लाँच धरून भाऊचा धक्का गाठावा लागे. आज खारघरला टाटा स्मारक केंद्राचीच शाखा आहे. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून शिवडी समोरच्या दारी आली आहे. शिवडीहून परळ ते किती दूर? अंतराची सबब आता उरलेली नाही. पैशाची सबब सांगणाऱ्याने आपल्या घरच्या हळदीच्या रात्रीचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहावा.

समाजापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पुढील वर्षीच्या मेळाव्यापूर्वी प्रत्येक गावात तीस वर्षांवरील भगिनींची यादी करून आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तपासणी-शिबिर भरवावे. दुसरी, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीसंबंधी आरोग्य केंद्रात चौकशी करावी, आणि ज्या घरांना खर्च झेपत नाही त्यांचा भार समाजाच्या निधीतून उचलावा. तिसरी, ज्या स्त्रीच्या तपासणीत दोष निघेल, तिच्याबरोबर तिच्या नवऱ्याने स्वतः दवाखान्यात जावे.

बांधाला बीळ दिसले की ते कोणाच्या शेताजवळचे आहे, हे आपले पूर्वज विचारीत बसत नसत. सारा गाव चिखल घेऊन धावत असे. तीच रीत ह्या कामी चालवावी, एवढी माझी प्रार्थना आहे.