दंगा होण्याआधीचा बंदोबस्त

पोलिसांवरचा खर्च कशावर व्हावा? लाठ्या, गाड्या, बंदोबस्तावर, की वस्त्यांमधला सलोखा जपण्यावर? याचं एक उत्तर भिवंडीने दिलं आहे.

यंत्रमागांच्या या शहराने मे 1970 आणि मे 1984 मध्ये भीषण दंगली पाहिल्या. माणसं गेली, माग जळाले, मजुरांची रोजीरोटी बुडाली. पुढे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम रहिवासी पोलिसांसोबत एकत्र बसू लागले. नळाचं भांडण असो वा मिरवणुकीचा मार्ग, बोलून प्रश्न सुटू लागले. अफवा उठली, तर खरं काय ते विचारायला ओळखीचा माणूस होता. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या.

राज्याच्या गृह विभागाने 2007 मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या गावांना रोख पुरस्कार मिळाले. म्हणजे गृह खात्याचा पैसा सलोख्यासाठीही वापरता येतो.

पोलीस हवेतच, पण त्यांच्या निधीतला ठरावीक वाटा अशा कामासाठी राखून ठेवायला हवा. श्रोतेहो, आपल्या भागात शांतता समिती असेल, तर तिच्या पुढच्या बैठकीला जरूर जा.