माप आधी, खरेदी मागून



आज जरा लांबच्या खेळाबद्दल बोलणार आहे. आइस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी. कुणी म्हणेल, ताई, आपल्याकडे गारा पडल्या तरच बर्फ दिसतो, आणि तुम्ही हे काय काढलंत? पण दहा-बारा मिनिटं ऐका. या खेळातल्या गोलकीपरचं सामान कसं निवडायचं आणि ते अंगाला कसं बसवून घ्यायचं, एवढंच सांगायचं आहे. ही सगळी मापाची गोष्ट आहे. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी गळ्यात टेप अडकवून मशीनवर बसतात. माप चुकलं की काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

हा खेळ मोठा झाला तो कॅनडात. आपल्या देशात तो लडाखमध्ये खेळतात. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्या बर्फावर पोरं-पोरी स्केट घालून, म्हणजे तळाला पातं लावलेले बूट घालून खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. ती 3 इंच रुंद, 1 इंच जाड आणि वजनाला 170 ग्रॅमपर्यंत असते. ती उसळू नये म्हणून मोठ्या सामन्यांत आधी गोठवून ठेवतात. मोठे खेळाडू ती तासाला 150 किलोमीटरपेक्षाही जोरात मारतात. गोल 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच, आणि त्याच्यापुढे गोलकीपर एकटी. डोक्यापासून पायापर्यंत सामान घातल्याशिवाय तिथे उभंच राहता येत नाही.

हे सामान आलं कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला गोलकीपरच्या पायाला वेगळं काही नव्हतं. 1896 साली कॅनडातल्या विनिपेगच्या संघाचा गोलकीपर चक्क क्रिकेटचे पॅड बांधून मोठ्या सामन्यात उतरला. पुढे 1920 च्या दशकात हॅमिल्टन गावातल्या केनेस्की नावाच्या कारागिरानं ते पॅड रुंद करून दिले. हा माणूस घोड्यांचे पट्टे आणि साज बनवणारा. चामडं शिवणं आणि आत भरण भरणं त्याच्या हातात बसलेलं होतं. तेच कसब त्यानं खेळाडूच्या पायासाठी वापरलं. आज जगभर जे गोलकीपरचे पॅड दिसतात, त्यांची सुरुवात अशा एका लहान दुकानातल्या शिवणकामातून झाली.

तोंडावरच्या मुखवट्याची गोष्ट तर एका मुलीपासून सुरू होते. 1927 साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाची गोलकीपर एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा घालून खेळली. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये मात्र मुखवटा म्हणजे भित्रेपणा, अशीच समजूत पुढे कितीतरी वर्षं होती. जॅक प्लांट हा मोठा गोलकीपर सरावात मुखवटा घालायचा, पण सामन्यात घालायला त्याच्या प्रशिक्षकाचा विरोध होता. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये पक त्याच्या तोंडावर बसला. टाके घालून तो परत आला आणि म्हणाला, मुखवटा असेल तरच खेळीन. त्या काळी संघाकडे दुसरा गोलकीपर बसवून ठेवलेला नसायचा, म्हणून प्रशिक्षकाला ऐकावं लागलं. प्लांटचा संघ तो सामना 3-1 नं जिंकला. तो मुखवटा फायबरग्लासचा होता, आणि प्लांटच्या स्वतःच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर बनवलेला होता. म्हणूनच तो घालून त्याला पक दिसत होता.

आता एकेक वस्तू घेऊ. वरून खाली जाऊ.

पहिलं डोकं. मुखवटा घेताना भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजायचा. मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, खेळताना वेणी जशी बांधणार तशीच बांधून माप घ्यायचं. मापाला केस मोकळे आणि खेळताना अंबाडा, असं झालं तर मागची पट्टी बसत नाही. घातल्यावर हनुवटी वाटीत नीट टेकली पाहिजे आणि कपाळ आतल्या फोमला सगळीकडून सारखं लागलं पाहिजे. मग मान जोरात हलवून बघायची. मुखवटा डोक्याबरोबर हलला तर ठीक. डोकं आधी आणि मुखवटा मागून असं झालं तर तो मोठा आहे. आतला फोम बदलून, मागचे पट्टे आवळून तो बसवून घेता येतो. पण कवचाला आपल्या हातानं भोक पाडायचं नाही, आणि तडा गेलेला मुखवटा कितीही स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही.

दुसरा गळा. 1989 साली अमेरिकेत क्लिंट मालार्चुक नावाच्या गोलकीपरच्या गळ्यावर दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचं पातं फिरलं आणि गळ्याची मोठी रक्तवाहिनी कापली गेली. तिथे हजर असलेल्या माणसानं ती दाबून धरली म्हणून तो वाचला. तेव्हा गळ्याची पट्टी आणि मुखवट्याखाली लोंबणारी ढाल या दोन्ही हव्यातच. दोन्ही लावून मान खाली घालून बघायची. ढाल छातीवर अडकून मान वर ढकलत असेल, तर तिची दोरी कमी-जास्त करायची.

तिसरं, छाती-हातांचं जाकीट. इथे आपल्या शिवणाऱ्या बायकांची नजर कामाला येते. खांद्याची वाटी खांद्याच्या हाडावर आणि कोपराची वाटी कोपरावरच यायला हवी. पुरुषाच्या मापाचं जाकीट बाईच्या अंगावर छातीशी तटतं आणि बगलेपाशी फुगतं. त्या फुगलेल्या जागेतून पक आत शिरतो. बाजूचे पट्टे आवळून किंवा इलास्टिक बदलून पुष्कळ काम होतं. मग गुडघ्यांवर बसायचं आणि पुढे वाकायचं. जाकीट वर सरकून हनुवटीला लागत असेल तर ते लांब आहे. दोन्ही हात पुढे करायचे. बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये मनगट उघडं पडत असेल तर ते आखूड आहे.

खाली चड्डी असते, जाड भरणाची. ती कमरेला जरा सैलच घेतात आणि गॅलिसनं खांद्यावर अडकवतात, म्हणजे जाकिटाचं टोक आत खोचता येतं आणि वाकताना श्वास कोंडत नाही. ओटीपोटाचं कवच मुलींसाठी वेगळ्या आकाराचं मिळतं. मुलग्यांचं घालून भागवायचं नाही, आणि हे मागताना लाजायचंही नाही.

आता सगळ्यात मोठी वस्तू, पायाचे पॅड. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण उंची विचारून पॅड देतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या दोन मुली घ्या. एकीची नडगी लांब, दुसरीची मांडी लांब. दोघींना एक पॅड कसा बसेल? म्हणून स्केटचे बूट घालून खुर्चीवर बसायचं. घोट्याच्या वळणापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत एक माप, आणि तिथून अर्ध्या मांडीपर्यंत दुसरं. ही दोन मापं घेऊन बनवणाऱ्याचा तक्ता बघायचा. प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो, म्हणून एकाचा नंबर दुसऱ्याकडे चालेल असं धरून चालायचं नाही. पॅडवर 32 अधिक 1 असं लिहिलेलं असतं. त्यातला 32 म्हणजे पॅडची इंचातली लांबी आणि अधिक 1 म्हणजे मांडीच्या बाजूला वाढवलेला इंच.

हे माप इतकं जपायचं कारण सांगते. गोलकीपर पक अडवताना दोन्ही गुडघे बर्फावर टेकते आणि पाय बाजूंना पसरते. याला फुलपाखरू बैठक म्हणतात. तेव्हा पॅड पायाभोवती फिरतो आणि त्याची सपाट बाजू पुढे येते. पॅडच्या आत गुडघ्यासाठी एक उशी असते. गुडघा बरोबर त्या उशीवर पडला पाहिजे. पॅड आखूड असेल तर दोन मांड्यांमध्ये फट राहते आणि पक त्यातूनच जातो. फार लांब असेल तर गुडघा उशीवर पडत नाही, आणि चालताना एक पॅड दुसऱ्यात अडकतो.

पट्ट्यांचंही तसंच. नवीन मुलीला वाटतं, घट्ट बांधलं म्हणजे सुरक्षित. पण पोटरीचा पट्टा आवळला तर पॅड फिरत नाही, आणि तो पीळ गुडघ्यावर येतो. पुढच्या टोकाची दोरी आखूड बांधली तर पाऊल ओढलं जातं आणि खुब्याला ताण बसतो. म्हणून पट्टा थोडा सैल ठेवायचा, दहा वेळा खाली बसून उठायचं, मग एकेक घर कमी-जास्त करायचं. ब्लाऊजची ट्रायल घेऊन टिप मारतो ना, तसंच.

स्केटचा बूट मात्र घट्ट हवा. बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. वाढत्या वयाची मुलगी आहे, दोन नंबर मोठा घेऊ, हा आपला हिशेब इथे चालत नाही. काठीची रुंद बाजू किती लांब असावी, तेही गुडघे वाकवून उभं राहिल्यावरच कळतं. काठीचं पातं बर्फावर सपाट टेकलं पाहिजे. खांदा वर उचलला गेला तर काठी लांब, पाठ जास्त वाकली तर आखूड.

मग कुणी म्हणेल, जेवढं मोठं सामान तेवढा गोल झाकला जाईल, मोठंच घ्या की! पूर्वी मोठमोठे खेळाडूही हेच करायचे. म्हणून उत्तर अमेरिकेच्या मोठ्या लीगनं नियम केले. पॅडची रुंदी 11 इंचांच्या वर नको, लांबी 38 इंचांच्या वर नको आणि तीही खेळाडूच्या पायाच्या मापात. 2018 च्या हंगामापासून जाकीटही अंगाच्या ठेवणीप्रमाणेच असलं पाहिजे असं ठरलं. सामान अंग राखण्यासाठी आहे, गोल बुजवण्यासाठी नाही, हा त्याचा अर्थ. शिवाय मोठ्या सामानात हात-पाय उशिरा हलतात.

आता लडाखच्या मुलींकडे येऊ. तिथे मुलींनी खेळायला सुरुवात केली ती बहुतेक उसन्या सामानावर. मुलग्यांचं खेळून झालं की त्यांचंच सामान घालायचं, मग ते दोन नंबर मोठं असो की ओलं. तरीही 2016 साली लोकांकडून पैसे गोळा करून भारताचा महिला संघ तैवानला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेला. 2018 च्या जानेवारीत कॅनडाची ऑलिम्पिक विजेती हेली विकेनहायझर लेहला आली. तिनं मुलींना शिकवलं आणि येताना त्यांच्यासाठी सामानही आणलं. या संघाची गोलकीपर म्हणून खेळलेली नूर जहाँ लेहची आहे. एरवी ती जुनी भित्तिचित्रं आणि थांगका जतन करण्याचं नाजूक काम करते. 2025 साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या महिला आशिया चषकात भारताला ब्राँझपदक मिळालं. त्या मुली मुळात धीट होत्याच, पण धीट आहे म्हणून मुलीला ढगळ सामानात उभं करायचं का, हा प्रश्न राहतोच.

सगळं नवं घ्यायला पैसे लागतात, हे मला कळतं. गटाचा हिशेब मीच लिहिते. म्हणून क्रम लावायचा. मुखवटा, गळ्याची पट्टी आणि स्केटचे बूट यांत काटकसर नको. पॅड आणि हातमोजे जुने चालतील, पण अंगठ्यानं फोम दाबून बघायचा. दाबलेला खड्डा परत भरून आला नाही तर तो फोम मेला. पट्टे, बकल, दोऱ्या, इलास्टिक हे सगळं बदलता येतं, आणि ते आपल्या हातचं काम आहे. खेळून आल्यावर सामान पिशवीत कोंबायचं नाही. पट्टे सोडून वाऱ्याला टांगायचं, नाहीतर आतून कुजतं.

आपल्या गावात बर्फ नाही, पण शाळेत हॉकीची गोलकीपर आहे, क्रिकेटची यष्टिरक्षक आहे. सामानाची एकच पेटी येते, आणि मुलींच्या वाट्याला त्यातलं उरलेलं येतं. पुढच्या वेळी शाळेची मागणी जायच्या आधी गटातल्या दोघी जणी टेप घेऊन शाळेत जा. सरांना विचारून मुलींची मापं एका वहीत लिहा, नडगी वेगळी, मांडी वेगळी, डोक्याचा घेर वेगळा. सामान आलं की मुलींना घालायला लावा, बसवा, वाकवा, पळवा. नाही बसलं तर पट्टे बदला, आणि तरीही नाही बसलं तर परत करा. "चालवून घे गं" हे वाक्य त्या दिवशी कुणी म्हणू नका.

वही झाली की पुढच्या मासिक बैठकीत घेऊन या. आपण एकत्र बसून बघू.